पाचपैकी किती

नांदेडहून आलेल्या मॅडमनी टेबलावर कागद ठेवला,
पंख्यानं उडू नये म्हणून
त्यावर माझं बीपीचं मशीन.
बावीस प्रश्न. प्रत्येकापुढे पाच गोल.
एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे नेहमी.
"मनात येईल तसं भरा, सिस्टर. नाव लिहायचं नाही."
मुखेडच्या या दवाखान्यात
इंचार्ज सिस्टर एकच आहे.
मी काही बोलले नाही.

चमूतील सदस्य परस्परांशी मोकळेपणाने बोलतात का?
चमू हा शब्द आमच्याकडे कागदावरच येतो.
आम्ही विचारतो, ड्यूटीला कोण आहे.
बोलतात, मॅडम.
फिजिओ अश्लेषा केसपेपरवर लिहिते: उद्यापासून उभं करावं.
डॉक्टर कुंटूरकर खाली लिहितात: पूर्ण विश्रांती.
आणि त्या दोन अक्षरांच्या मधे
धुरपतबाई कोपरावर अर्धी उठून मला विचारते,
"बाई, मी उभी ऱ्हाऊ का निजू?"

नववा प्रश्न: आणीबाणीत सगळे एकत्र येतात का?
ती डिसेंबरातली रात्र.
फरशी पुसता पुसता गयाबाई थांबली, म्हणाली,
"सिस्टर, एवढ्या थंडीत
हिला घाम कशाचा येऊलालाय?"
शुगर बघायच्या पट्ट्या वॉर्डात संपलेल्या,
इंटरकॉम दिवाळीपासून मुका.
गयाबाई ओल्या पायानं लॅबकडे पळाली.
तेलंगे रक्त घेऊन गेला,
आकडा घेऊन आला, तोंडानंच ओरडत, बेचाळीस!
क्वार्टरमधून मुनीरभाई आले किल्ल्यांसकट,
लाईट गेली, तर शाल पांघरलेली अश्लेषा
मोबाईलचा उजेड धरून उभी,
आणि कुंटूरकर, ज्यांनी तिच्याशी
आठवडाभर शब्द काढला नव्हता,
म्हणाले, "जरा डावीकडे धर, बाळ, शीर दिसू दे."
सकाळी धुरपतबाईनं चहा मागितला.
साखर घालून.
इथं मी पाच भरले. गोल भरून सांडेपर्यंत भरले.

चौदावा प्रश्न.
वरिष्ठांच्या निर्णयाबद्दल शंका असल्यास
सदस्य ती बोलून दाखवतात का?
तीच रात्र, मॅडम. तीच बाई, तीच माणसं.
ओपीडीत एका साहेबांनी
शुगरची गोळी कंपनीच्या नावानं लिहिली,
वॉर्डात दुसऱ्यांनी औषधाच्या नावानं.
एकच गोळी, दोन नावं.
मुनीरभाईंनी दुपारीच दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून पाहिली होती,
"साहब ने लिखा है तो होगा कुछ सोचके."
मीही पाहिली होती.
मला वाटलं, मुनीरभाईंनी विचारलं असेल.
आणि दोन्ही गोळ्या माझ्याच हातानं दिल्या,
पाण्याचा तांब्या धरून.

दुसऱ्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही.
मुनीरभाईंनी ड्रॉवरमधून एक पाकीट काढून नेलं.
मी चार्टवर एका नावावरून आडवी रेघ मारली.
कुंटूरकरांनी रेघ पाहिली,
बराच वेळ पाहिली,
आणि शेजारी बारीक सही केली.
याला संवाद म्हणायचं का, मॅडम?
पाचपैकी किती?

पेन तीनवर थांबलं.
तीनमधे कुणाची नोकरी जात नाही,
कुणाला बक्षीसही मिळत नाही.
मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या,
"बरेच जण तीनच भरतात तिथं."
मग मी एक भरला.

मागच्या पानावर: अन्य सूचना. दोन ओळी.
पहिल्या ओळीत लिहिलं,
इंटरकॉम दुरुस्त करावा.
दुसरीत त्या गोळीची नावं,
दोन्ही, ठळक, सुटी सुटी अक्षरं काढून.
माझं लिहायची गरज नव्हती.